अंतर्मुखता, बहिर्मुखता आणि बैठकीतले मौन

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला उद्देशून आहे हे इतरांनाही समजेल. तुम्ही सत्तावीस वर्षांचे आहात. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन चाचणीने तुम्हाला बहिर्मुख ठरवले होते. त्याच चाचणीने आता अंतर्मुख ठरवले आहे. दोन-तीन जवळच्या मित्रांशी तुम्ही तासन्‌तास बोलता, मात्र कामाच्या बैठकीत तोंड उघडत नाही, आणि मोठ्या समारंभाहून परतल्यावर अगदी गळून जाता. वरिष्ठांनी ‘जरा मोकळे व्हा’ असे सुचवले आहे आणि लवकरच एका गटाचे नेतृत्व तुमच्याकडे येण्याची शक्यता आहे. मी नक्की कोण, हे बदलता येते का, आणि ही जबाबदारी स्वीकारावी का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

‘मी नक्की कोण’ या प्रश्नात माणसांचे दोन कप्पे असतात हे गृहीत धरलेले आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. या संज्ञा मानसशास्त्रात रुजवल्या त्या स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी. 1913 साली म्युनिकच्या मनोविश्लेषण परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली आणि 1921 मध्ये व्यक्तिमत्त्व प्रकारांवरील ग्रंथात तिचा विस्तार केला. युंग यांच्या दृष्टीने मुद्दा माणूस किती बोलतो हा नव्हताच. मानसिक ऊर्जेचा ओघ बाहेरच्या वस्तू आणि व्यक्तींकडे जातो की अनुभव घेणाऱ्याच्या स्वतःच्या अंतर्विश्वाकडे वळतो, हा होता. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड आणि त्यांच्यापासून वेगळे झालेले मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅडलर हे दोघेही एकाच प्रकारचे रुग्ण पाहत असताना इतके वेगळे सिद्धान्त का मांडतात, या कोड्याने युंग यांना या विचाराकडे नेले. फ्रॉइड यांचा भर माणसाच्या बाहेरच्या व्यक्तींशी असलेल्या नात्यावर होता, तर अ‍ॅडलर यांचा भर व्यक्तीने स्वतःचे स्थान कसे राखले यावर. म्हणजे दोन सिद्धान्तांमागे दोन वृत्ती उभ्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पूर्णपणे अंतर्मुख किंवा पूर्णपणे बहिर्मुख माणूस संभवत नाही, हेही त्यांना मान्य होते. जाणिवेत एक वृत्ती प्रबळ असली तर नेणिवेत दुसरी तिची भरपाई करत असते, असे ते मानत.

पुढे कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युंग यांच्या कल्पनांवर आधारित प्रश्नावली तयार केली. तुम्ही दिलेली चाचणी बहुधा तिच्याच कुळातली असावी, कारण निकाल ‘हा प्रकार’ किंवा ‘तो प्रकार’ असा सांगण्याची पद्धत तिथूनच पसरली. या पद्धतीतला दोष मात्र गंभीर आहे. मोठ्या लोकसमूहाची बहिर्मुखता मोजली, तर बहुतेक माणसे मधल्या भागात सापडतात आणि दोन्ही टोकांकडे जावे तशी त्यांची संख्या घटत जाते. चाचणीची रेषा मात्र नेमकी त्या गर्दीच्या मधोमध आखलेली असते. मग रेषेच्या जवळ असलेल्या माणसाने दोन-चार प्रश्नांची उत्तरे थोडी वेगळी दिली, की त्याचा प्रकारच बदलतो. तुमच्या बाबतीत दोन वर्षांत व्यक्तिमत्त्व उलटे झाले असे मला वाटत नाही. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात आणि चाचणीने तुम्हाला आधी रेषेच्या एका बाजूला टाकले, नंतर दुसऱ्या, एवढाच त्याचा अर्थ असण्याची शक्यता अधिक आहे. अशा माणसांसाठी ‘उभयमुखी’ हा शब्द वापरतात. मला तो फारसा उपयुक्त वाटत नाही. बहुसंख्य माणसे जिथे आहेत, त्या जागेला वेगळ्या प्रकाराचे नाव देऊन काय साधते?

आजचे संशोधन प्रकार मानत नाही, प्रमाण मानते. बहिर्मुखता हा व्यक्तिमत्त्वाच्या पाच मुख्य घटकांपैकी एक समजला जातो. उरलेले चार म्हणजे अनुभवांविषयीचे खुलेपण, कर्तव्यदक्षता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या 1992 च्या प्रश्नावलीत बहिर्मुखतेचेही सहा पैलू केले आहेत: आपुलकी, माणसांच्या घोळक्याची ओढ, ठामपणा, कामाचा झपाटा, उत्तेजनाची आवड आणि आनंदी भाववृत्ती. मी तुमच्या जागी असतो तर एकूण गुणांपेक्षा या सहा पैलूंकडे पाहिले असते. तुमच्या वर्णनावरून आपुलकी भरपूर दिसते, घोळक्याची ओढ कमी दिसते आणि ठामपणा, निदान कामाच्या ठिकाणी, बराच कमी दिसतो. या सर्वांची सरासरी काढली की मधला आकडा येतो आणि तो तुमच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. दोन माणसांचे एकूण गुण सारखे असतील, पण एकाला घोळका आवडतो आणि पुढाकार घेणे जमत नाही, तर दुसरा पुढाकार घेतो आणि काम संपताच एकटा निघून जातो. या दोघांना एकच सल्ला देणे व्यर्थ आहे.

आता थकव्याविषयी. तुम्ही लिहिले आहे की माणसांमध्ये तुमची ‘बॅटरी उतरते’, आणि हाच अंतर्मुखतेचा पुरावा तुम्ही मानता. ही उपमा लोकप्रिय आहे, पण तिच्या आधारे निदान करू नये असे मला वाटते. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी 1967 मध्ये जैविक स्पष्टीकरण मांडले, ते थोडक्यात असे: मेंदूच्या बाह्यावरणाला जागृत ठेवणारी यंत्रणा अंतर्मुख व्यक्तींमध्ये मुळातच अधिक सक्रिय असते, त्यामुळे त्यांना कमी उद्दीपन पुरते, बहिर्मुख व्यक्तींची पातळी खाली असल्यामुळे ते बाहेरून उद्दीपन शोधतात. जिभेवर लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकले असता अंतर्मुखांना अधिक लाळ सुटते, हा प्रयोग याच विचारातून आला. नंतर चित्र गुंतागुंतीचे झाले. शांत बसलेल्या माणसांच्या मेंदूतील विद्युत लहरींत अपेक्षित फरक सातत्याने सापडला नाही. उद्दीपनाला दिल्या जाणाऱ्या प्रतिसादात तो अधिक स्पष्ट दिसतो. रसेल गीन यांचा 1984 चा प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. त्यात शब्दांच्या जोड्या शिकण्याचे काम करताना कानावर पडणाऱ्या आवाजाची पातळी सहभागी व्यक्तींनी स्वतः निवडायची होती. बहिर्मुखांनी मोठा आवाज निवडला, अंतर्मुखांनी लहान, आणि आपापल्या निवडलेल्या पातळीवर दोघांचेही काम सारखेच चांगले झाले. पातळ्यांची अदलाबदल केली तेव्हा मात्र दोघांचेही काम बिघडले. म्हणजे क्षमता सारखी होती, तिला अनुकूल परिस्थिती वेगळी होती.

गेल्या काही दशकांत संशोधकांचा कल उद्दीपनापेक्षा प्राप्तीच्या ओढीकडे अधिक आहे. लोकांचे लक्ष वेधले जाणे, कौतुक, नवी ओळख, स्पर्धेतील यश अशा गोष्टींच्या अपेक्षेने बहिर्मुख व्यक्तीची मज्जासंस्था लवकर उत्साहित होते आणि त्यात डोपामाइन या मेंदूतील रसायनाचा वाटा मोठा आहे, असे मानले जाते. या दृष्टीने पाहिले तर अंतर्मुख व्यक्ती माणसांना कंटाळलेली नसते. समारंभातून जे मिळते त्याची तिला तेवढी मोहिनी नसते, म्हणून त्यासाठी मोजावा लागणारा श्रम तिला लवकर जाणवतो.

श्रम मात्र सर्वांनाच पडतात. फिनलंडमधील विद्यार्थ्यांवरील 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसातून अनेकदा त्यांचे वागणे आणि मनःस्थिती नोंदवली गेली. मोकळेपणाने आणि उत्साहाने वागताना त्या क्षणी बरे वाटत होते, परंतु सुमारे तीन तासांनी थकवा वाढलेला आढळला. आणि हे बहिर्मुख स्वभावाच्या विद्यार्थ्यांनाही तितकेच लागू होते. त्यामुळे ‘थकलो म्हणून मी अंतर्मुख’ हे अनुमान टिकत नाही. थकवा कशाने आला हे पाहायला हवे: बोलण्याने, गोंगाटाने, की पूर्ण वेळ स्वतःवर पहारा ठेवल्याने?

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ज्याला तुम्ही फारसे महत्त्व दिलेले दिसत नाही: बैठकीत मुद्दा सुचलेला असतो, पण ‘चुकीचे बोललो तर’ या विचाराने तो मागे राहतो आणि रात्री तीच बैठक डोक्यात फिरत राहते. हे अंतर्मुखतेचे लक्षण नाही. अंतर्मुख व्यक्ती बोलत नाही तेव्हा तिला बोलण्याची गरज वाटलेली नसते, किंवा तिचा विचार अजून पक्का झालेला नसतो. मूल्यमापनाच्या भीतीने जो गप्प बसतो, त्याला बोलायचे असते. बाहेरून दोघांचे मौन सारखेच दिसते आणि म्हणूनच वरिष्ठ, कुटुंबीय आणि बऱ्याचदा ती व्यक्ती स्वतःही या दोन गोष्टींची गल्लत करतात.

जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस यांनी 1981 मध्ये दाखवून दिले की बुजरेपणा आणि माणसांची आवड कमी असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांच्यातील संबंध सौम्य आहे. त्यांनी अनोळखी व्यक्तींना जोडीने बोलायला बसवले तेव्हा सर्वांत जास्त अस्वस्थता कोणात दिसली, तर बुजऱ्या आणि तरीही माणसांची ओढ असलेल्या व्यक्तींमध्ये. ते नजर चुकवत होते, स्वतःच्या चेहऱ्याला किंवा हाताला पुन्हा पुन्हा स्पर्श करत होते. ज्यांना माणसांची मुळातच ओढ कमी होती, ते बुजरे असूनही तुलनेने निवांत होते. मोकळेपणाची इच्छा आणि भीती एकाच माणसात एकत्र आली की ओढाताण सर्वाधिक होते, आणि अशी माणसे समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेक वेळा ‘मी फार अंतर्मुख आहे’ याच वाक्याने सुरुवात करतात.

हे दोन पदर वेगळे करण्यासाठी मी काही प्रश्न विचारतो. तुम्ही ते स्वतःला विचारू शकता, मात्र उत्तर देण्याची घाई करू नका. तुमच्याबद्दल कोणीही काहीही मत बनवणार नाही अशी खात्री असती, तर त्या समारंभाला जावेसे वाटले असते का? उत्तर ‘तरीही नाही’ असे असेल, तर ती आवडनिवड आहे. ‘मग आनंदाने गेलो असतो’ असे असेल, तर अडथळा भीतीचा आहे. एखादा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला की तुम्हाला निवांत वाटते, की संकट टळल्यासारखे वाटते? एकटे असताना तुम्ही कशात तरी रमलेले असता, की कालच्या संभाषणाची उजळणी करत असता? आणि प्रसंग येण्यापूर्वी छाती धडधडणे, घाम येणे, आवाज कापणे असे काही होते का? सामाजिक भयगंडाचे, म्हणजे लोकांच्या मूल्यमापनाच्या तीव्र भीतीचे, जे प्रारूप डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये मांडले, त्यात दोन गोष्टींना मध्यवर्ती स्थान आहे: प्रसंगात असताना लक्ष समोरच्या व्यक्तीवरून सुटून स्वतःवर खिळणे, आणि प्रसंग संपल्यावर त्याची मनातल्या मनात चिरफाड चालू राहणे. तुमच्या रात्रीच्या उजळणीचे वर्णन याच्याशी जुळते. यावरून तुम्हाला विकार आहे असे मी म्हणत नाही. इतक्या माहितीवर तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण स्वभाव म्हणून ज्याच्याशी तुम्ही समझोता करू पाहता आहात, त्यातला काही भाग उपचाराने कमी होण्याजोगा असू शकतो.

अजून एक शक्यता नोंदवून ठेवतो. माणसांपासून दूर राहणे गेल्या काही महिन्यांतच वाढले असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप किंवा भूक बदलली असेल, तर ती अंतर्मुखता समजू नका. स्वभाव असा अचानक येत नाही. तिथे नैराश्याची तपासणी व्हायला हवी आणि ती वेळेत व्हायला हवी.

दुसरा प्रश्न बदलाचा. जुळ्यांवरील अभ्यासांतून दिसते की बहिर्मुखतेतील व्यक्तीव्यक्तींमधल्या फरकांपैकी साधारण 40 ते 50 टक्के भाग आनुवंशिक फरकांशी जोडता येतो. याचा अर्थ तुमच्यातील निम्मी अंतर्मुखता जन्मतः आली, असा होत नाही; हा आकडा समूहातील फरकांबद्दल बोलतो, एका व्यक्तीबद्दल नाही. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, वास आणि हलणारी खेळणी दाखवली तेव्हा सुमारे एक पंचमांश बाळांनी जोरजोरात हातपाय झाडले आणि रडून प्रतिसाद दिला. अशी बाळे पुढे सावध आणि बुजरी होण्याची शक्यता अधिक होती, पण त्यांतील अनेक तशी झाली नाहीत. कल जन्मतः असतो, तो कुठे जाऊन पोहोचेल हे ठरलेले नसते. दीर्घकालीन अभ्यासही सांगतात की तरुणपणापासून प्रौढपणाकडे जाताना ठामपणा सर्वसाधारणपणे वाढतो. म्हणजे तुमचा जो पैलू सर्वांत कमी आहे, त्याच्या बाजूने तुमचे वय आहे.

रोजच्या वागण्यात तर बदल सतत होतच असतो. विल्यम फ्लीसन यांनी लोकांच्या दिवसभराच्या वागण्याच्या नोंदी घेतल्या, तेव्हा एकच माणूस एका आठवड्यात अतिशय मिटलेल्यापासून अतिशय मोकळ्यापर्यंत सर्व छटांनी वागतो असे आढळले. व्यक्तीव्यक्तीत फरक होता तो सरासरीचा. मोकळेपणाने वागत असताना अंतर्मुख व्यक्तींनाही बरे वाटते, हेही त्यांच्या अभ्यासात दिसले, आणि 2013 मधील कॅनडातील संशोधनानुसार अंतर्मुख व्यक्ती आपल्याला किती मजा येईल याचा अंदाज आधीच कमी बांधतात. या निष्कर्षांवरून ‘बहिर्मुखासारखे वागा आणि सुखी व्हा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी देत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2019 मध्ये लोकांना पूर्ण एक आठवडा शक्य तितके मोकळे, बोलके आणि धीट वागायला सांगितले. ज्यांचा स्वभाव आधीच तसा होता त्यांना त्याचा लाभ झाला. अधिक अंतर्मुख व्यक्तींना सुख कमी मिळाले, थकवा वाढला आणि आपण आपल्यासारखे वागत नाही ही टोचणी लागली. तास-दोन तासांचे ताणलेले वागणे आणि सबंध आठवडाभराचे, यांत फरक आहे.

मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल यांची भूमिका मला व्यवहारात सर्वांत उपयोगी वाटते: माणूस आपल्याला प्रिय असलेल्या कामासाठी किंवा व्यक्तीसाठी स्वभावाबाहेर वागू शकतो आणि ते ढोंग नसते, मात्र नंतर त्याला आपल्या मूळ लयीत परतण्याची जागा मिळाली पाहिजे. म्हणून दिवसात एकापाठोपाठ तीन बैठका असतील तर त्यांच्यामध्ये पंधरा मिनिटे एकटे राहण्याची सोय करा आणि त्याबद्दल कोणाची माफी मागू नका. भीतीच्या बाबतीत मात्र सल्ला उलट आहे, आणि हे काळजीपूर्वक वाचावे. आवडनिवडीचा आदर करायचा असतो. भीतीचा आदर केला की ती वाढते. प्रत्येक टाळाटाळ त्या क्षणी सुटका देते आणि पुढच्या वेळी टाळणे आणखी सोपे करते. त्यामुळे बैठकीपुरते छोटे, ठरावीक पाऊल टाका: पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा, मग तो कितीही साधा असो. बोलताना लक्ष आपल्या आवाजावर न ठेवता समोरच्याच्या उत्तरावर ठेवायचे. आपल्याला ज्याची भीती होती ते प्रत्यक्षात घडले का, हे नंतर एका ओळीत लिहून ठेवायचे आणि तिथे विषय संपवायचा. काही आठवडे असे करूनही धडधड आणि रात्रीची उजळणी तशीच राहिली, तर बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी; विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी पद्धत) देणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना भेटा. सामाजिक भयगंडावर या उपचारपद्धतीच्या परिणामकारकतेचा पुरावा भक्कम आहे.

राहिला नेतृत्वाचा प्रश्न. बहिर्मुखतेचा नोकरीत सरासरीने फायदा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. विशेषतः नेता म्हणून निवडले जाण्यात तो ठळक दिसतो. परंतु निवडले जाणे आणि काम चांगले करून घेणे यांत अंतर आहे. अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्सेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांनी 2011 मध्ये अमेरिकेतील एका पिझ्झा साखळीच्या दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्मचारी सांगितल्याप्रमाणे काम करणारे असतील तिथे बहिर्मुख प्रमुखांच्या दुकानांना अधिक नफा झाला. कर्मचारी स्वतः सूचना करणारे, पुढाकार घेणारे असतील तिथे कमी बहिर्मुख प्रमुखांची दुकाने पुढे होती. संशोधकांचे स्पष्टीकरण असे की बोलक्या प्रमुखाला पुढाकार घेणारे सहकारी आव्हान वाटू शकतात, तर ऐकून घेणारा प्रमुख त्यांच्या कल्पना वापरतो.

म्हणून होकार देण्यापूर्वी आपल्या स्वभावाऐवजी त्या गटाची चौकशी करा: तिथले लोक सूचना घेऊन येतात की आदेशाची वाट पाहतात, निर्णय लेखी चर्चेतून होतात की भर बैठकीत, आणि तुम्हाला आठवड्यातून किती वेळा वरिष्ठांसमोर गटाची बाजू मांडावी लागेल. गट अनुभवी आणि बोलका असेल तर तुमची ऐकून घेण्याची सवय तिथे थेट कामाला येईल, आणि एकेका सहकाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलण्याची जी हातोटी तुमच्याकडे मित्रांच्या बाबतीत आधीच आहे, तीच तिथे वापरता येईल. गट नवखा असेल तर पहिले काही महिने तुम्हाला सवयीपेक्षा बरेच अधिक बोलावे लागेल. बैठकीपूर्वी विषयपत्रिका लेखी पाठवण्याची पद्धत सुरू केलीत, तर निदान तुमचा मुद्दा आयत्या वेळी सुचण्यावर अवलंबून राहणार नाही. आणि वरिष्ठांशी बोलताना ‘मी अंतर्मुख आहे’ असे सांगू नका. त्यातून त्यांना करण्यासारखे काही हाती लागत नाही. ‘विषय आदल्या दिवशी कळला तर मी बैठकीत नेमके बोलू शकेन’ असे सांगितलेत, तर त्यांना नेमके काय करायचे ते कळेल.